कॉफीच्या खोडाचे सहा पाइप

आम्हा दोघांपैकी कुणी आयुष्यात साधी विडी ओढलेली नव्हती, आणि आम्ही डेन्मार्कच्या माणसांसाठी तंबाखूचे पाइप करत होतो. बेंगळुराजवळ येलहंक्यात आमच्या घरामागच्या शेडमध्ये दोन लेथ होते. एकावर मी, दुसऱ्यावर हयवदन. माझ्या बायकोनं, अंबुबाईनं, पहिल्याच दिवशी नियम घातला होता की पाइप तुळशीच्या अलीकडे यायचा नाही. मी तिला समजावायचो, अगं, यात तंबाखूचा कणही पडलेला नाही, हे नुसतं लाकूड आहे. त्यावर ती म्हणे, "जन्माला यायच्या आधीच त्याचे गुण मला ठाऊक आहेत. तिकडंच राहू द्या त्याला."

हयवदन माझ्या हाताखाली आला तेव्हा विशीतला होता. मी तेव्हा सरकारी कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाचा ओतीव भाग करायचा तर तो आधी लाकडात हुबेहूब घडवावा लागतो, मग त्याचा ठसा वाळूत उमटवून त्यात रस ओततात. ती लाकडी रूपं घडवणारे आम्ही. मीच त्याला पटाशी धरायला शिकवली, लाकडाच्या रेषा वाचायला शिकवल्या. त्याचंही घराणं आमच्यासारखंच, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तो मला अण्णा म्हणे, अंबुबाईला अक्का. कारखान्यानं त्र्याण्णव साली, ज्यांना स्वखुशीनं जायचंय त्यांनी जावं असं जाहीर केलं, तेव्हा मी बाहेर पडलो. वर्षभरानं तोही आला. मीच त्याला दुसरा लेथ दिला. हे सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात मी हे स्वतःला फार वेळा सांगत होतो.

पाइपचं काम आणलं उमाकांतनं. तो पुण्याचा, बोम्मसंद्र्याच्या एका निर्यात कंपनीत मॅनेजर. त्यानं समजावलं ते असं की जगभर पाइपसाठी एका झुडपाच्या मुळाची गाठ वापरतात. ते झुडूप तिकडं भूमध्य समुद्राकाठी होतं, आणि गाठ आपल्याकडं आणायची तर परवडत नाही. इथल्याच एखाद्या कठीण लाकडाचा पाइप जमला तर गिऱ्हाईक तयार आहे. आम्ही पहिला घाणा शिसवीचा केला. दिसायला देखणा झाला. दोन महिन्यांनी पत्र आलं की लाकडातलं तेल तापून जीभ चुरचुरते. आम्हाला कसं कळणार? आमच्या जिभेला फक्त नामस्मरणाची आणि अंबुबाईच्या स्वयंपाकाची सवय.

पंचाण्णवच्या चैत्रात उमाकांत पुन्हा आला. माझ्या लेथच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "बॉस, सरळ सांगतो. साहेब स्वतः येतायत डेन्मार्कहून. तुम्ही दोघं दोन वेगळी वुड्स घ्या, प्रत्येकी सहा पीस द्या. ते हॉटेलवर बसून दोन दिवस ओढून बघणार. बोम्मसंद्र्याला आपण वीस जणांची लाइन टाकतोय. ज्याचं लाकूड सिलेक्ट होईल, तो तिथला मास्टर. खुर्ची एकच आहे, तेव्हा नंतर नाराज नाही व्हायचं."

एकतीस वर्षं कारखान्यात काढून मी कधी फोरमन झालो नव्हतो. तीनदा माझ्या डोक्यावर दुसरा बसला. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात माझं नाव चुकवलं. त्यामुळं "मास्टर" हा शब्द उमाकांतच्या तोंडून पडला आणि माझ्या कानात जाऊन बसला तो हलेना. वीस माणसं, आणि त्यांच्यामधून हात मागं बांधून चालणारा मी. हयवदन अडतिसाचा होता. त्याच्यापुढं अजून कितीतरी खुर्च्या होत्या. ही माझी.

मी निवडली चिंच. होसकोट्याच्या रस्त्याला रुंदीकरणात एक जुनं झाड पाडलं होतं, त्याचा गाभा लॉरीवाल्याला गाठून मिळवला. जांभळट तपकिरी, घट्ट, पटाशीला दाद न देणारा. आग त्याला सहजासहजी खात नाही. हयवदननं निवडली कॉफी. त्याच्या सासऱ्यांच्या सकलेशपूरच्या मळ्यात म्हातारी झालेली झुडपं उपटणं चाललं होतं. त्यांची वर्षभर सावलीत सुकलेली खोडं, मुळाच्या गाठीसकट, त्यानं पोत्यात भरून आणली. पिवळसर लाकूड, आणि बोटभर जागेत शंभर रेषा.

"कॉफी पितात रे," मी म्हटलं. "ओढत नाहीत."

"चिंचेचं तरी सारच करतात की, अण्णा," तो म्हणाला.

ताकाचे पेले घेऊन आलेली अंबुबाई दारातच हसली. इतकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पाइपचं खरं कसब भोकात असतं. तंबाखूची वाटी वरून खाली कोरायची, आणि दांडीतून येणारं बारीक भोक त्या वाटीच्या अगदी तळाशी उघडलं पाहिजे. केसभर वर उघडलं तर तळाशी ओली तंबाखू तशीच राहते, असं उमाकांत म्हणायचा. मी आधी कागदावर पूर्ण आकाराचं चित्र काढायचो, मग पत्र्याचे गेज कापायचो, मग मोजत मोजत भोक पाडायचो. एका पाइपला माझा अर्धा दिवस जाई. हयवदन काय करायचा? भोक पाडायचा, दांडीला ओठ लावून डोळे मिटून हलकेच फुंकायचा आणि ऐकायचा. वारा बाहेर पडताना जो आवाज होतो त्यावरून म्हणायचा, "वर गेलंय, स्वल्प."

एकदा मी हट्टानं त्याचा असला एक टाकाऊ तुकडा उभा चिरून बघितला. भोक केसभर वरच होतं.

"हे कुठं शिकलास?"

"तुमच्याकडंच की."

मी हे त्याला शिकवलं नव्हतं. मला हे येतच नव्हतं. त्यानं ते मला असंच देऊन टाकलं, आणि त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग त्या देण्याचा आला.

त्यात आणखी त्याची एक खोड. पुरा झालेला पाइप तो दिवसभर दातात धरून काम करायचा. रिकामाच, पण दातात. मला ते बघवायचं नाही.

"काढ ते तोंडातून," मी म्हणायचो. "संध्याकाळी त्याच तोंडानं अभंग म्हणायचाय."

"अभंगाला काय होतंय, अण्णा? लाकडाचीच तर वीणा असते."

अंबुबाई म्हणाली, "बरोबर बोलला."

चैत्रात आमच्या येलहंक्याच्या विठ्ठल मंदिरात कीर्तनाचा सप्ताह असतो. सांगलीकडून विलासबुवा येतात. आयुष्यात मी काय मिळवलं असं कुणी विचारलं तर मी सांगेन की बावीस सप्ताह मी बुवांच्या मागं झांज घेऊन उभा राहिलो. बुवा पदाची ओळ टाकतात, मागच्यांनी ती उचलायची, वर न्यायची आणि पुन्हा त्यांच्या हाती द्यायची. पूर्वरंगात ते एकच अभंग घेऊन त्याचा धागा धागा सोडवतात. मग मध्यंतर होतं, कपाळाला बुक्का लागतो, सगळा मंडप त्या वासानं भरतो. आणि मग बुवा उपरणं सारखं करून म्हणतात, "आता कथा अशी आहे." साठीला आलो तरी त्या चार शब्दांनी माझ्या अंगावर काटा येतो. बँकेतले, ऑफिसातले, दिवसभर कन्नड-इंग्रजी बोलून आलेले आमचे लोक त्या दोन तासांत आपली मराठी पुन्हा अंगावर घेतात. त्या सगळ्यांपुढं, बुवांच्या खांद्यामागं, डावीकडची जागा माझी होती.

त्या वर्षी पहिल्या दिवशी हयवदन श्रोत्यांत बसून गात होता. बुवांनी मान वळवून दोनदा तिकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी कीर्तनाआधी ते मला म्हणाले, "भगवंतराव, यंदा या पोराला मागं उभं करू. गळा सोन्याचा आहे. तुम्ही किती वर्षं उभे राहिलात, आता समोर बसून सुख घ्या. असं करा, बुक्क्याचं तबक तुमच्याकडं."

मी म्हटलं, "फार छान, बुवा." हे शब्द कसे निघाले देव जाणे. त्यांनी पिशवीतून बुक्क्याचा मोठा गोल डबा काढून माझ्या हातात दिला. हयवदन धावत आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "अण्णा, तुमची झांज देता? माझ्याकडं नाही."

झांजही दिली.

घरात त्या आठवड्यात चुना मारणं चाललं होतं, सगळं सामान अंगणात. म्हणून बुक्क्याचा डबा मी शेडमध्ये फळीवर ठेवला. काम संपलं की तिथूनच उचलून स्कूटरनं देवळात जायचं.

आता कोळशाचं सांगायला हवं. नव्या लाकडाच्या वाटीत पहिल्यांदा विस्तव पडला की ती आतून जळायची भीती असते. म्हणून आतून लेप देतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा कुटून वस्त्रगाळ करायचा, घट्ट ताकात कालवायचा आणि बोटानं वाटीच्या आत फिरवायचा. वाळला की दगडासारखा बसतो. ताक अंबुबाईचं, कोळसा माझा. तो कोळसाही मी एका गोल डब्यात भरून फळीवर ठेवत असे.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या सहा पाइपना लेप दिला. काम झाल्यावर कोळशाचा डबा माझ्या बाकाखालीच राहिला, भुशात. हे मी मुद्दाम केलं नाही. इतकं तरी मी देवासमोर सांगू शकतो.

दुपारी हयवदननं त्याचे सहा पाइप ओळीनं मांडले. दोन दिवस कॉफीच्या लाकडाचा भुसा नाकात जाऊन त्याचं नाक चोंदलं होतं. तोंडानं श्वास घेत होता. त्यानं वाटीत ताक घेतलं, फळीवरचा गोल डबा उतरवला, काळी पूड चमच्यानं ताकात टाकली आणि ढवळायला लागला.

मी माझ्या बाकावर होतो, चार हातांवर. वास माझ्यापर्यंत आला. कापूर, नागरमोथा, चंदन. बावीस वर्षं ज्या वासात उभा राहिलो तो वास मला परका कसा असेल? त्यानं डबा चुकवला होता. तो देवाचा बुक्का ताकात कालवत होता.

"अण्णा," त्यानं मान वर न करता विचारलं, "किती जाड लावू?"

चार शब्दांचं काम होतं. "थांब, तो बुक्का आहे." झालं असतं. तो हसला असता, वाटी ओतून दिली असती, मी बाकाखालचा डबा काढून दिला असता.

मी म्हटलं, "पातळ लाव. दोन हात दे. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नको."

"सरी, अण्णा."

मी लेथवर वाकलो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की लेथ बंदच आहे. मनात म्हटलं, त्याचं त्यालाच कळेल. मग म्हटलं, ताकात वास मरेल. मग म्हटलं, गोऱ्या माणसाला बुक्क्याचा वास काय कळतोय. सहावा पाइप झाला तेव्हा मी इथवर आलो होतो की देवाच्या मनात असेल तेच होतंय, मी मधे पडणारा कोण. देवाला मी माझ्या कामाला लावलं होतं.

संध्याकाळी कीर्तन रंगलं. नाक चोंदलेलं असूनही हयवदननं बुवांची ओळ अशी उचलली की पुढच्या रांगेतले वादिराजमास्तर मांडीवर थाप मारून माझ्या कानात म्हणाले, "भगवंतराव, शिष्य कुणाचा?" मी मान डोलावली. मध्यंतराला तबक घेऊन उठलो. बुवांना बुक्का लावला, मग मागच्यांना. हयवदन माझ्यापुढं वाकला. माझा अंगठा त्याच्या कपाळावर टेकला तेव्हा तो हळूच म्हणाला, "दोन दिवस कसलाच वास येत नाही बघा, अण्णा. आज बुक्क्याचा सुद्धा नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. उद्या सकाळी उमाकांत येणार ना पाइप न्यायला?"

ही दुसरी संधी होती. देव इतक्या सरळ रीतीनं क्वचितच विचारतो.

"हो," मी म्हटलं. "सकाळी." आणि पुढच्या कपाळाकडं सरकलो.

घरी जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं. अंबुबाईनं भात वाढता वाढता विचारलं, "पोटात दुखतंय का? ओवा देऊ?" मग पातेलं खाली ठेवून म्हणाली, "का ओव्यानं जाणारं नाही हे?"

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी उमाकांतचा निरोप आला, दोघांनी बोम्मसंद्र्याला या. आम्ही मॅजेस्टिकच्या स्टँडवर बस बदलून गेलो. हयवदननं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. वाटेत तो सगळा वेळ मला सांगत होता की चिंचेच्या पाइपची झिलई त्याच्यापेक्षा सरस झाली आहे आणि बहुधा माझंच होईल. तो मनापासून म्हणत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो.

साहेब म्हातारा होता, पिकल्या दाढीचा, बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली. टेबलावर आमचे बारा पाइप दोन रांगांत. तो कॉफीच्या रांगेतला एक उचलून इंग्रजीत काहीतरी बोलला, शांतपणे, पण चेहरा चांगला नव्हता. उमाकांतनं हयवदनकडं बघितलं.

"काय केलंस तू हे? ते म्हणतायत, यात सेंट घातलाय. लाकडाचा मूळचा वास लपवायला. सहाच्या सहा पीसमध्ये. म्हणतायत, लाकूड वाईट निघालं तर चालतं, पण लपवाछपवी करणाऱ्या माणसाशी मला काम करायचं नाही."

हयवदनला आधी कळेचना. मग त्याचा चेहरा उतरला. "सेंट? मी कशाला सेंट घालू, सार? मी घरात पण लावत नाही." त्यानं साहेबांकडं बघून मोडक्या इंग्रजीत तेच सांगितलं. साहेबानं मान हलवली. आणि मग हयवदन माझ्याकडं वळला.

"अण्णांना विचारा. शेजारी बसतो आम्ही. पहिल्या घावापासून शेवटच्या लेपापर्यंत अण्णांच्या डोळ्यासमोर झालंय. अण्णा, सांगा की यांना."

मी त्याला खुर्चीवरून उठवायला निघालो होतो. त्याला लबाड ठरवायला नाही. पण खोलीत आता तेच चाललं होतं, आणि त्यानं साक्षीला मलाच बोलावलं होतं. त्याच्या डोळ्यांत शंकेचा ठिपका नव्हता. मी नुसतं "मला काही माहीत नाही" म्हटलं असतं तरी त्यानं ते खरं मानलं असतं, आणि दिवसभर आपलीच चूक शोधत बसला असता.

"सेंट नाही तो," मी म्हटलं. "बुक्का आहे."

उमाकांतनं माझ्याकडं बघितलं. "बुक्का? म्हणजे आपला देवळातला?"

"कोळशाऐवजी तो डबा हातात आला याच्या. नाक चोंदलं होतं, वास कळला नाही. वरचा लेप खरवडा. आत लाकूड स्वच्छ आहे. याच्यासारखं भोक आख्ख्या बेंगळुरात कुणी पाडत नाही."

उमाकांत खो खो हसला आणि साहेबाला समजावू लागला. साहेबानं खिशातून छोटी सुरी काढली, वाटीतला लेप खरवडला, वाटी झटकली, तंबाखू भरली. धूर वर गेला. तेवढ्यात उमाकांतनं सहज विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं, भगवंतराव?"

"मी बघत होतो," मी म्हटलं.

बोलून गेल्यावर ऐकू आलं मला ते. उमाकांतचं लक्ष साहेबाकडं होतं. हयवदनचं माझ्याकडं होतं. हळूहळू त्यानं नजर काढून घेतली आणि आपल्या सहा पाइपकडं बघत राहिला.

अर्ध्या तासानं साहेबानं निकाल दिला. कॉफी. माझ्या चिंचेची त्यानं तारीफ केली, थंड जळते म्हणाला. पण जड. दातात दहा मिनिटं धरला की जबडा दुखतो. तो पाइप दातात धरून माझ्यापुढं वाकला आणि बोटानं जबडा दाखवला, म्हणजे मला समजावं. मला समजलं. मी माझा पाइप गेजनं मोजला होता, काट्यावर चढवला होता, उन्हात धरून बघितला होता. दातात कधी धरला नव्हता. सोवळ्या तोंडाचा माणूस मी. म्हणजे बुक्का असता काय, नसता काय, मी हरणारच होतो. मी जे केलं ते फुकट केलं होतं.

उमाकांतनं हयवदनचा हात हातात घेतला. "मास्टर, एक तारखेपासून या." तो शब्द त्याला लागला तेव्हा माझ्या छातीत जे झालं ते मी लपवणार नाही. सगळं कबूल केल्यावरही ते झालं. हेवा कबुलीनं जात नाही हे मला त्या खोलीत कळलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, कारण तेवढीच जागा होती. मडिवाळ आलं.

मग म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं, किती जाड लावू."

"हो."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"आणि तुम्ही सांगितलंत, पातळ लाव, दोन हात दे." तो समोरच्या सीटच्या दांडीला धरून होता. "तेच बरोबर होतं म्हणा. शिकवण्यात तुम्ही चुकत नाही."

मी म्हटलं, "हयवदना, मला तुझा हेवा वाटला. लाकडाचा, गळ्याचा, सगळ्याचाच. दुसरं कारण नाही."

"माझा?" तो म्हणाला. त्याला खरोखर नवल वाटलं होतं, आणि त्यामुळं मला जास्त लाज वाटली. मॅजेस्टिकला उतरून येलहंक्याची बस धरायला निघालो तेव्हा तो थांबला. "तुम्ही व्हा पुढं. मी मागच्या बसनं येतो. आणि उद्या काल्याच्या कीर्तनाला तुम्हीच उभे राहा बुवांच्या मागं. माझ्यानं नाही गाता येणार उद्या. तुमच्या हातात ते तबक बघून तर नाहीच." खांद्यावरच्या पिशवीतून त्यानं माझी झांज काढून माझ्या हातात दिली आणि गर्दीत गेला.

घरी पोचलो तर अंबुबाई तुळशीला पाणी घालत होती. तिथंच उभं राहून तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, तांब्या रिकामा झाला तरी हातात तसाच तिरका.

"त्याला सांगितलंत हे? सगळं?"

"सगळं."

"जेवला होता का तो काही?"

"नाही."

ती तांब्या ठेवून आत गेली, डबा भरला आणि मला काही न विचारता त्याच्या घराकडं निघून गेली. तासाभरानं आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. बुवांनी माझ्या हातात झांज बघितली. "पोरगा कुठंय?" म्हणाले. मी म्हटलं, "बुवा, तो आज बसून ऐकणार आहे. तबकाचं वादिराजमास्तरांकडं दिलंय." बुवांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं आणि पगडी सारखी केली.

डावीकडची जागा मला मिळाली होती. आठवडाभर जिच्यासाठी जळलो ती. मंडप भरलेला. हयवदन तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसला होता, मान खाली. मध्यंतराचा बुक्का लावून झाला, बुवांनी पदाची ओळ टाकली आणि सवयीनं मान मागं केली. मी ओळ उचलली. वर न्यायला गेलो आणि आवाज फाटला. वयामुळं असेल, रात्रभर झोप नव्हती म्हणूनही असेल. बुवांनी ओळ पुन्हा टाकली. पुन्हा तिथंच फाटला. झांज तेवढी वाजत राहिली. पुढच्या रांगेतल्या कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

तिसऱ्यांदा बुवांनी ओळ टाकली तेव्हा खालून सूर आला. मोठा नाही. खांबाशी बसल्या जागेवरून, मान खालीच ठेवून, हयवदन ती ओळ वर नेत होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं. ओळ तशीच अर्धवट लोंबकळत ठेवणं त्याला जमत नव्हतं इतकंच. मंडपातली डोकी एकेक करून त्याच्याकडं वळली. बुवांच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते बावीस वर्षांत माझ्या गाण्यानं कधी पसरलं नव्हतं.

मला हेवा वाटला. नेहमीसारखाच, जराही कमी नाही. पण ओळ वरच्या टोकाला पोचली होती आणि तिला खाली आणून बुवांच्या हाती द्यायचं काम मागं उभ्या असलेल्याचं असतं. मी त्याच्या सुराखाली माझा सूर लावला, हलकाच, त्याला ऐकू जाईल न जाईल असा, आणि ओळ बुवांपर्यंत आणून पोचवली. बुवांनी उपरणं सारखं केलं.

"आता कथा अशी आहे," ते म्हणाले, आणि मंडप सावरून बसला.